पाकिटात उंदीर किती?

नागपुरात धरमपेठेत किंवा सदरला पेट शॉपमध्ये उभं राहून "मांजरासाठी चांगलं खाद्य कोणतं?" असं विचारलं की उत्तर ब्रँडच्या नावानं येतं. कोणी व्हिस्कास म्हणतं, कोणी ड्रूल्स, कोणी मी-ओ, तर महागातलं हवं असेल तर रॉयल कॅनिन. नाव कळतं, पण चांगलं कशाला म्हणायचं ते काही कळत नाही. एकाच कंपनीच्या दोन पाकिटांतला माल पार वेगळा असू शकतो. म्हणून नावं बाजूला ठेवा आणि एकच माप डोक्यात धरा: उंदीर.

गंमत नाही ही. मांजर हा पूर्ण मांसाहारी जीव आहे आणि त्याचं शरीर लहान-लहान शिकारीवर चालायला घडलंय. उंदरात साधारण 70 टक्के पाणी असतं. ते वजा केलं तर उरलेल्यात निम्मी प्रथिनं, पाव भागाच्या आसपास चरबी, हाडांमुळे पुरेसं कॅल्शियम, आणि पिष्ट (स्टार्च) म्हणाल तर नावापुरतं. एका उंदरातून सुमारे 30 कॅलरी मिळतात, म्हणजे चार किलोच्या मांजराला दिवसाला सात-आठ उंदीर झाले. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा खायची मांजराची सवय तिथूनच आली आहे.

"आमच्या आजीच्या वाड्यातलं मांजर तर दूध-पोळीवर पंधरा वर्षं जगलं," हे नागपुरात हमखास ऐकायला मिळतं. जगलं असेलही. महाल-इतवारीच्या वाड्यात, शेजारी धान्याचं गोदाम असताना, दूध-पोळी हा त्या मांजराचा नाश्ता होता. खरं जेवण ते रात्री स्वतः मिळवायचं. मनीषनगरच्या चौथ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या बाल्कनीत ही सोय नाही. तिथे ताटलीत पडेल तेवढंच त्याचं जग आहे, आणि त्या ताटलीत काही कमी पडलं तर ते भरून काढायला दुसरी जागा नाही.

कमी पडतं ते नेमकं काय? सगळ्यात आधी टॉरीन. हे अमिनो आम्ल आपलं शरीर बनवतं, कुत्र्याचंही बनवतं, मांजराचं मात्र पुरेसं बनवू शकत नाही. ते मांसातूनच यावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हे 1975 साली कळलं. हृदयाचा स्नायू ताणून पातळ होतो आणि हृदय निकामी होतं, हे 1987 साली सिद्ध झालं. तेव्हा आजारी पडलेली मांजरं बाजारातलं तयार खाद्य खाणारीच होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं. दुसरं म्हणजे अ जीवनसत्त्व. गाजरातल्या कॅरोटीनपासून आपण ते बनवतो, मांजराला तयारच लागतं. अ‍ॅराकिडोनिक आम्ल हे चरबीतलं आम्लही प्राण्यांच्या चरबीतूनच यावं लागतं. म्हणून शाकाहारी घरात मांजर पाळायला काही हरकत नाही, पण मांजराला शाकाहारी करायला आहे. स्वयंपाकघरात मांस चालत नसेल तर पाकीट आणा, त्याची ताटली-चमचा वेगळा ठेवा, प्रश्न मिटला. आणि घरात कुत्रा असेल तर त्याचंच खाद्य मांजरालाही घालायचं नाही. कुत्र्याच्या खाद्यात टॉरीन असण्याची सक्ती नसते आणि प्रथिनंही मांजराच्या मानानं कमी असतात.

पाकीट उलटं करा

समोरच्या बाजूला सामन मासा उड्या मारत असतो. ते चित्र. मजकूर मागे असतो, बारीक अक्षरात. बऱ्याचदा त्यावर आयातदाराचं स्टिकर चिकटवलेलं असतं. दुकानात मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचा, लाजायचं कारण नाही.

पहिल्यांदा शोधायचे ते शब्द म्हणजे 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट पेट फूड', आणि कोणत्या वयासाठी ते. त्याच्या जागी 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' असेल तर ते वरचं खाणं आहे, रोजचं जेवण नव्हे. ट्युनाचे नुसते तुकडे असलेले छोटे डबे आणि नळीतून चाटायला देतात ती क्रीम बहुतेक वेळा याच वर्गातली. मांजर त्यावर जीव टाकतं, पण महिनोन्‌महिने तेवढ्यावर ठेवलं तर हळूहळू आतून पोखरलं जातं.

त्याच वाक्यात आफको किंवा फेडिआफ हे नाव दिसेल. पहिली अमेरिकेतली संस्था, दुसरी युरोपातली. आफको कोणत्याही खाद्याला प्रमाणपत्र देत नाही, चाचणीही करत नाही. ती फक्त निकष ठरवते. त्यामुळे 'आफको अप्रूव्ह्ड' असं कोणी छापलं असेल तर त्या छापणाऱ्याबद्दलच शंका घ्यावी. निकषानुसार बनवलंय असं लिहिलं असेल तर ते ठीक. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठीचं मानक आहे, आयएस 11968. पण माणसांच्या खाण्यावर जसा अन्नसुरक्षा कायद्याचा वचक असतो तसा इथे नाही. 2006 च्या त्या कायद्यानं 'अन्न' या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलंच आहे. म्हणून लेबल वाचायची जबाबदारी आपल्यावर जरा जास्त येते.

आता आकडे. पाकिटावर चार असतात: प्रथिनं किमान, चरबी किमान, तंतू (फायबर) कमाल, ओलावा कमाल. समजा 'अ' या कोरड्या खाद्यावर प्रथिनं 30, चरबी 10, तंतू 4 आणि ओलावा 10 टक्के लिहिलंय. शेजारच्या ओल्या पाऊचवर प्रथिनं 9, चरबी 3, तंतू अर्धा टक्का, ओलावा 84. वरवर पाहिलं तर पाऊच म्हणजे पाण्याचे पैसे. पण पाणी वजा करून पाहा. 'अ' मध्ये 100 ग्रॅमला 90 ग्रॅम कोरडा माल, त्यात 30 प्रथिनं, म्हणजे 33 टक्के. पाऊचमध्ये 16 ग्रॅम कोरडा माल, त्यात 9 प्रथिनं, म्हणजे 56 टक्के. उंदराच्या जवळ कोण, ते दिसतंच आहे. आफकोचा कोरड्या मालावरचा किमान निकष मोठ्या मांजरासाठी 26 टक्के आणि पिल्लांसाठी 30 टक्के आहे. तो किमान आहे; मांजराला त्याहून जास्त मिळालं तर बरंच. कोरड्या मालावर 40 च्या पुढचं खाद्य परवडत असेल तर ते घ्या, असं माझं मत.

पिष्टाचा आकडा कोणीच छापत नाही, तो आपणच काढायचा. शंभरातून सगळं वजा करा. खनिजांचं प्रमाण, ज्याला लेबलवर 'अ‍ॅश' म्हणतात, दिलेलं नसेल तर कोरड्या खाद्यात 8 आणि ओल्यात 2 धरा. 'अ' मध्ये 100 मधून 30, 10, 4, 10 आणि 8 गेले, उरले 38. एवढा तांदूळ-मका. आता महागातलं 'ब' घ्या: प्रथिनं 40, चरबी 18, तंतू 3, ओलावा 9, अ‍ॅश 8. उरले 22. पाऊचमध्ये उरतो दीड. कोरड्या खाद्याचा दाणा फुलायलाच पिष्ट लागतं, त्यामुळे शून्याची अपेक्षा धरू नका. पण 38 आणि 22 मध्ये फरक आहे, आणि तो पाकिटाच्या पुढच्या बाजूला कधीच दिसणार नाही. 'ग्रेन फ्री' लिहिलेलं असलं तरी हीच वजाबाकी करा. धान्य काढून बटाटा आणि वाटाणा घातला की शब्द खरा ठरतो आणि पिष्ट तेवढंच राहतं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पण ते वजन शिजवण्याआधीचं. इथे दोन चकवे आहेत. ताजं चिकन पहिलं लिहिलं असेल तर त्यात 70 टक्के पाणी होतं हे लक्षात ठेवा. दाणा वाळल्यावर ते बरंच खाली घसरतं. उलट 'चिकन मील' हे शब्द ऐकून नाक मुरडायचं कारण नाही. ते पाणी काढलेलं, दळलेलं चिकन असतं, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त प्रथिनं. दुसरा चकवा विभागणीचा: मका, मक्याचं ग्लुटेन, तांदूळ, तांदळाचा कोंडा असे चार तुकडे केले की प्रत्येकाचं वजन कमी भरतं आणि मांस आपोआप वर चढतं. सगळी धान्यं मनात एकत्र करून पाहा. यकृत, हृदय, फुप्फुस यांना 'बाय-प्रॉडक्ट' म्हणतात. मांजराच्या दृष्टीनं तो मेवा आहे. उंदीर खाताना ते छाटण काढून टाकत नाही.

अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर नावातही खूण असते. 'विथ चिकन' म्हटलं की 3 टक्के चिकन पुरतं, 'चिकन डिनर' म्हटलं तर 25 टक्के लागतं, आणि 'चिकन फ्लेवर' ला फक्त चव जाणवली की झालं. लाल, हिरवे, पिवळे दाणे हे आपल्यासाठी असतात. मांजराला त्या रंगाचं काही घेणं नाही.

किती घालायचं, आणि खरा भाव काय

वाटीनं मोजू नका. वाटी कधी शिगोशीग भरते, कधी सपाट. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, ग्रॅममध्ये मोजा. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला 200 ते 240 कॅलरी पुरतात. पाकिटावर 100 ग्रॅमच्या कॅलरी दिल्या नसतील तर वरचेच आकडे वापरा: प्रथिनं आणि पिष्ट यांना साडेतीननं गुणा, चरबीला साडेआठनं, आणि बेरीज करा. 'अ' चे येतात 323, 'ब' चे 370, 85 ग्रॅमच्या एका पाऊचचे 53.

मग 220 कॅलरीसाठी 'अ' 68 ग्रॅम लागेल, 'ब' 60 ग्रॅम. समजा 'अ' 400 रुपये किलो आहे आणि 'ब' 700. दिवसाचा खर्च 27 आणि 42. भावात पावणेदोन पट दिसणारा फरक ताटलीत दीड पटीवर येतो. नुसत्या पाऊचवर ठेवायचं तर चारपेक्षा थोडे जास्त लागतील. पाऊच 45 रुपयांचा धरला तर दिवसाचे 187 रुपये. बहुतेकांना हे झेपत नाही, आणि झेपलंच पाहिजे असंही नाही. एक पाऊच आणि 52 ग्रॅम 'अ', 66 रुपयांत दिवस निघतो, आणि वरून पाणीही पोटात जातं. माझ्या मते नागपूरच्या हवेत हीच वाटणी सगळ्यात शहाणी.

दिवसाला फक्त 10 ग्रॅम जास्त पडले तर 32 कॅलरी जादा. हिशेबानं वर्षभरात मांजराच्या अंगावर किलोभराहून जास्त चरबी, म्हणजे चार किलोचं मांजर पाच किलोच्या पुढे. नसबंदीनंतर गरज पाव भागानं तरी कमी होते आणि भूक वाढते, त्यामुळे ऑपरेशननंतरचे सहा महिने काट्याशी दोस्ती ठेवा. बरगड्यांवरून हात फिरवा: न दाबता हाताला लागल्या पाहिजेत, पण दिसता कामा नयेत. वजन करायचं तर मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा.

पिल्लांचं गणित निराळं. वर्षभराचं होईपर्यंत पिल्लांचंच खाद्य, सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, आणि इथे हात आखडायचा नाही. सापडलेलं चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर पिशवीतलं गाई-म्हशीचं दूध देऊ नका, जुलाब लागून ते दोन दिवसांत कोमेजतं. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती आणा.

सुटं खाद्य आणि नवतपा

"भाऊ, ओरिजिनलच आहे, फक्त सुटं आहे. पाकिटात घ्याल तर दीडशे रुपये जास्त." काउंटरवर पारदर्शक पिशव्या असतात, किलो-किलोच्या, स्टेपलरनं बंद केलेल्या. आतलं खाद्य कदाचित खरंच मूळ गोणीतलं असेल. पण त्या पिशवीवर बॅच नाही, तारीख नाही, गोणी कधी फोडली ते नाही. कोरड्या दाण्यावर बाहेरून चरबीचा थर फवारलेला असतो, चव त्यामुळेच येते. गोणी फोडली की त्या चरबीला हवा लागते आणि ती खवट व्हायला सुरुवात होते. उष्णता असेल तर फार लवकर. खवट चरबीसोबत ई जीवनसत्त्वही जातं. मांजराचं नाक आपल्यापेक्षा किती तरी तिखट असतं. "कालपर्यंत खात होतं, आज तोंड लावत नाही" या तक्रारीच्या मागे पुष्कळदा हेच असतं. दाणा बोटांनी मोडून हुंगा. जुन्या खोबऱ्यासारखा वास आला तर फेका.

एप्रिल ते जून नागपुरात पारा 45 च्या घरात जातो, नवतप्यात (मे-अखेरच्या नऊ भाजक्या दिवसांत) तर विचारूच नका. दुकानाच्या बाहेर, पत्र्याच्या शेडखाली रचलेल्या गोण्यांमधून काही घेऊ नका, कितीही चांगल्या कंपनीची असो. ऑनलाइन मागवलेला डबा दिवसभर गाडीत भाजून येतो, त्यात पाऊच असतील तर एकेक दाबून पाहा. फुगलेला पाऊच म्हणजे आत जंतूंनी वायू केला. उघडूनसुद्धा पाहू नका, परत करा.

मोठी गोणी स्वस्त पडते, हा हिशेब एका मांजराच्या घरात फसतो. रोजचे 60 ग्रॅम धरले तर 7 किलोची गोणी जवळजवळ चार महिने पुरते. उघडलेलं पाकीट सहा आठवड्यांत संपवावं, उन्हाळ्यात चार. म्हणजे एका मांजराला उन्हाळ्यात दीड किलोच्या आतलं पाकीट, दोन-तीन मांजरं असतील तर 3 किलोचं. पाकीट उघडल्या दिवशी त्यावर मार्करनं तारीख टाका.

आणि कूलर. हे बाहेरगावच्या माहितीत कुठे सापडणार नाही. खस लावलेला डेझर्ट कूलर खोली गार करतो तो हवेत पाणी सोडून. त्याच खोलीत, त्याच झोतात खाद्याचं पाकीट तोंड मोकळं ठेवून उभं असेल तर दाणा आठवडाभरात सादळतो. कुरकुरीत दाणा ओला झाला की बुरशीला जागा मिळते, आणि बुरशीचं विष दिसत नाही. पावसाळ्यात तर कूलर बंद असला तरी हाच प्रकार. पाकीट मूळच्या पिशवीतच ठेवा, हवा दाबून काढा, तोंडाला चिमटा लावा आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, कूलर नसलेल्या खोलीत. प्लास्टिकच्या डब्यात थेट ओतू नका. तळाशी जुन्या चरबीचा थर बसतो आणि नव्या मालालाही तो वास लावतो. शिवाय बॅच नंबर पिशवीसोबत कचऱ्यात जातो. मुंग्यांसाठी जुनाच उपाय: परातीत पाणी, मधोमध ताटली.

ओलं खाद्य ताटलीत उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास, हिवाळ्यात फार तर दोन तास. उरलेला पाऊच झाकून फ्रिजमध्ये, दोन दिवसांच्या आत संपवायचा. फ्रिजमधून काढलेलं थंडगार खाद्य मांजर हुंगून निघून जातं. गंध उठतच नाही, आणि त्याची शिकार कधी थंड नसते. वाटी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा.

पाणी हेही खाद्यच

चार किलोच्या मांजराला खाण्या-पिण्यातून मिळून दिवसाला सुमारे 200 मिली पाणी लागतं. 68 ग्रॅम कोरड्या खाद्यातून मिळतं 7 मिली. एका पाऊचमधून 70. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, तहान त्यांना उशिरा लागते. उंदरातलं पाणी त्यांना पुरायचं. नुसत्या कोरड्यावर असलेलं मांजर पाणी पितं, पण तूट पूर्ण भरत नाही, लघवी घट्ट होते आणि त्यात खडे धरतात. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, तिथे खडा किंवा चिकट बुच अडकला की लघवी पूर्ण बंद. बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, आणि थेंब पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजणारे लोक आहेत. लघवी अडकून राहिली तर दीड-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आपला नेहमीचा डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

पाण्याची भांडी दोन-तीन, वेगवेगळ्या खोल्यांत, जेवणाच्या ताटलीपासून आणि मातीच्या ट्रेपासून लांब. मातीचं पसरट भांडं उन्हाळ्यात उत्तम: पाणी गार राहतं आणि मिशा काठाला लागत नाहीत. चिकन उकडलेलं पाणी गार करून, वरची चरबी काढून दोन चमचे घातलं तर पिणं वाढतं. मीठ, आलं-लसूण घालण्याआधीचं पाणी, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या स्वयंपाकघरातलं

रविवारी सावजी मागवलं की टेबलाखाली मांजर येऊन बसतंच. त्या रश्श्यात कांदा-लसणाचं वाटण असतं, आणि कांद्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे 5 ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम. लसूण त्याहून कडक. लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, तोवर रविवार कोणाच्या लक्षात नसतो. तर्रीलाही हेच लागू. शिजलेलं हाड तुकड्या-तुकड्यांनी सुईसारखं फुटतं, तेही नको.

उकडलेलं साधं चिकन चांगलंच, पण तेवढंच रोज नको. बोनलेस मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो, आणि मांजराला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडं जास्तच हवं असतं. हाडांतून कॅल्शियम ओढून शरीर तो तोल सांभाळतं. लाडानं फक्त चिकन ब्रेस्टवर वाढवलेलं तीन-चार महिन्यांचं पिल्लू खुर्चीवरून उडी मारताना पाय मोडून घेतं, ते यामुळे. संपूर्ण घरगुती आहारावर ठेवायचं असेल तर कॅल्शियम, टॉरीन, जीवनसत्त्वं ग्रॅम-मिलिग्रॅममध्ये ठरवून घ्यावी लागतात, ते डॉक्टरकडून. तसं नसेल तर घरचं वरखाणं दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागात बसवा: सुमारे 13 ग्रॅम उकडलेलं चिकन किंवा अंड्याचा पाव भाग. ब्रेस्टपेक्षा लेगमध्ये टॉरीन जास्त, हृदयात आणखी जास्त, आणि उकडताना ते पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणीही द्या. कोंबडीची कलेजी आठवड्याला 20-25 ग्रॅम, बकऱ्याची त्याहून कमी. जास्त झाली तर अ जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेचे मणके जखडतात.

रोहू-कटला आणला तर डोकं-शेपटी मांजराला जाते, तीही कच्ची. गोड्या पाण्यातल्या कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत ब-1 जीवनसत्त्व मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. शिजवलं की ते नष्ट होतं. काटे काढा, उकडा, मग द्या. दुधाबद्दल एवढंच: मोठ्या मांजराला ते पचत नाही, चमचाभर दही चालतं.

बदलताना

नवं पाकीट आणलं म्हणून जुनं एकदम बंद करू नका. रोजचे 60 ग्रॅम असतील तर पहिले दोन दिवस 45 जुनं, 15 नवं. पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं. मग दोन-तीन दिवस 15 जुनं, 45 नवं. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या आणि दोन दिवस थांबा. कोरड्यावरच वाढलेलं मांजर ओल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला पाऊचमधला चमचाभर, कोमट करून, नेहमीच्या दाण्यांच्या शेजारी ठेवा, मिसळू नका. वरून एक-दोन दाणे कुस्करून भुरभुरा. दोन-तीन आठवडेही लागतात.

"भूक लागली की खाईल आपोआप" हा सल्ला मांजराच्या बाबतीत घातक आहे. लठ्ठ मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जमा होऊ लागते, डोळे-कान पिवळे पडतात, आणि मग नळीनं खाऊ घालायची वेळ येते. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर जुनं खाद्य पुढे ठेवा.

नवं खाद्य मानवलं का, ते ट्रेमध्ये कळतं. दिवसाला एकदा, घट्ट, उचलताना आकार न मोडणारी शी. ढीग वाढला असेल तर खाद्यातलं बरंच न पचता बाहेर पडतंय. महिन्या-दीड महिन्यात केसांवर फरक दिसतो. कानामागे, मानेवर सतत खाजवत असेल तर लोक आधी धान्यावर संशय घेतात, पण मांजरात अ‍ॅलर्जी चिकन, बीफ किंवा माशाची निघण्याची शक्यता जास्त. ती शोधायला आठ आठवडे एकच निवडक खाद्य द्यावं लागतं, मध्ये ट्रीटही नाही. डॉक्टरकडे जाताना पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि रोजचे ग्रॅम मोबाइलमध्ये असू द्या. "थोडंसं खातं" यावरून त्यांना काहीच सांगता येत नाही.